खामकर सरांच्या दारातला गार्म

खामकर सरांच्या घरी जायचं तर आधी कुत्र्याला भाकरी द्यावी लागे. फाटकाच्या खांबाला एक वेताची टोपली अडकवलेली असे, तिच्यात शिळ्या भाकरीचे तुकडे. आलेल्या माणसानं त्यातला एक घ्यायचा, फाटकाआड बसलेल्या कुत्र्यापुढे टाकायचा आणि मग कडी काढायची. तलाठी येवो, पाहुणा येवो, सर्वांना हाच नियम. खुद्द सरही बाहेरून आले की फाटकाशी थांबत, तुकडा टाकत आणि विचारत, "येऊ का रे, गार्म?" कुत्रं हुंगे, खाई, बाजूला सरे. मगच सर आपल्या घरात पाऊल टाकत.

आमचं गाव राहाता तालुक्यात, पाटाच्या कडेला. गावाबाहेरच्या वस्त्या उसात बुडालेल्या. उसात बिबटे राहायला आल्यापासून दिवस कलला की वस्तीवरचं माणूस एकटं दाराबाहेर पडत नाही. बायका घास कापायला जोडीनं जातात. एकीनं वाकून कापायचं, दुसरीनं उभं राहून उसाकडे बघायचं. अशा गावात, उसाच्या अगदी तोंडाशी, सर दोन खोल्यांच्या घरात एकटे राहत होते.

सर गेले त्याला आता काही महिने झाले. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी त्यांच्यावर स्मरणिका काढायचं ठरवलं आणि मला म्हणाले, "अण्णा, तुमी सरांचा जीव वाचिवला. पयला लेख तुमचा." मी हो म्हणालो. ज्यांनी सरांना पाहिलंच नाही त्यांच्यासाठी सर कसे होते ते लिहितो. आणि जीव वाचवण्याचं काय झालं तेही लिहितो. ते आजवर गावात चुकीचं सांगितलं गेलंय, आणि ते तसं सांगू देणारा मीच आहे. त्यात एका तरुण माणसाच्या नोकरीला डाग लागला. तो अजून पुसला गेलेला नाही.

सरांनी आमच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. उंच, हडकुळे, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. त्यांचं सगळं लक्ष क्रियापदावर असे, मग भाषा कोणतीही असो. "नाम कुणीही खरं सांगतं," ते म्हणत, "माणूस लपतो तो क्रियापदाच्या मागं." मी गावाच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष. एकदा दोघा भावांचा बांधावरून वाद आला. थोरला सांगत होता, "पावसानं बांध जरा सरकला, अण्णा, त्यात माझा काय दोष?" सर कोपऱ्यात बसले होते. त्यांनी हळूच विचारलं, "सरकला, की सरकवला?" मंडळी हसली. थोरला मात्र हसला नाही. तो खाली बघत राहिला आणि तंटा तिथंच मिटला.

कुणी बोलता बोलता अडखळलं, मधेच गप्प झालं, तर सर म्हणत, "वाक्य पुरं करा." विद्यार्थ्याला म्हणत, सरपंचाला म्हणत, बायकोलाही म्हणत. सुलभाबाई त्यावर म्हणायच्या, "माझं वाक्य पुरं झालंय. तुमचं जेवण व्हायचंय."

या सुलभाबाई गेल्या तेव्हा सर निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते. तेराव्याच्या आधीच धनगरांची मेंढरं गावावरून गेली आणि मागं एक पिल्लू राहिलं. राखाडी अंग, छातीवर मोठा तांबडा डाग, जणू रक्तात लोळून आलंय. सरांनी ते घरात घेतलं आणि नाव ठेवलं गार्म. मी नावाचा अर्थ विचारला तेव्हा त्यांनी मला ओट्यावर बसवून गोष्ट सांगितली. नगरच्या रद्दीच्या दुकानात त्यांना कधीतरी उत्तरेकडच्या लोकांच्या पुराणकथांचं एक जाड इंग्रजी पुस्तक मिळालं होतं.

"जिथं हिवाळ्यात सूर्य तोंड दाखवत नाही, तिथल्या लोकांची ही गोष्ट," सर म्हणाले. "त्यांच्या पाताळाच्या राणीचं नाव हेल. आजारानं, म्हातारपणानं गेलेली माणसं तिच्याकडं जातात. वाटेत एक गुहा आहे. तिच्या तोंडाशी गार्म बांधलेला. छाती रक्तानं माखलेली. येणाऱ्या प्रत्येकाला तो अडवतो. पण ज्यानं जिवंतपणी भुकेल्याला भाकरी दिली, त्याच्या हातात तिथं भाकरी येते. ती पुढं टाकली की गार्म वाट देतो."

सुलभाबाई ऊसतोडीच्या हंगामात समोरच्या कोप्यांमधल्या, तोडकऱ्यांच्या झोपड्यांतल्या, पोरांना रोज भाकरी द्यायच्या. हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"तिला अडवलं नसेल, अण्णा," सर म्हणाले. "तिच्या हातात टोपलीच असेल."

मी विचारलं, "पन त्याला बांधला का?"

"राखणदार आहे. सुटला की समजायचं जग संपलं. शेवटच्या दिवशी तो सुटतो आणि टीर नावाच्या देवाशी भिडतो. दोघंही मरतात. हा टीर एका हाताचा. देवांनी एका लांडग्याला खोटं वचन दिलं होतं, आणि जामीन म्हणून ह्यानं आपला हात लांडग्याच्या तोंडात ठेवला होता."

"मग?"

"मग काय, वचन खोटं निघालं. हात गेला."

पुढं एकदा स्टँडवरच्या टपरीवर चहा पिताना किसननं मला विचारलं, "अण्णा, मास्तरच्या कुत्र्याचं गरम्या नाव कशापायी? तापट हाय का लई?" किसनची वस्ती सरांच्या घराला लागून, मधे फक्त त्याचा ऊस.

"गरम्या न्हाई, गार्म," मी म्हणालो. "हेलच्या दारातलं कुत्रं हाय त्ये."

"हेल म्हंजे?"

"हेल म्हंजे हेला. यमाचा रेडा. यम हेल्यावर बसून निघाला का ह्ये पुढं पळतं, कुनाच्या दारात थांबायचं त्ये दावायला."

टपरी हसली. मीही हसलो. सरांची गोष्ट मला अर्धीमुर्धीच आठवत होती, आणि जी आठवत होती तिच्यापेक्षा माझी जास्त रंगली. पुढं मी ती आणखी दोन-चार ठिकाणी सांगितली. लोक फर्माईश करायचे.

त्या वर्षी तोड सुरू झाली तशी उसाचे फड मोकळे व्हायला लागले, आणि बिबट्यांना लपायला राहिलेल्या उसात किसनचा फड होता. दिवस मावळताना गार्म त्या फडाकडे तोंड करून लांबलचक सूर काढायला लागला. किसनची आई भागाबाई बरेच दिवस अंथरुणाला खिळून होत्या. त्याच आठवड्यात त्या गेल्या. स्मशानातून परतताना माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, "कुत्रं इवळत हुतं, तवाच मला कळलं हुतं. यमाचंच हाय त्ये." बोलणारा हसत नव्हता. मी वळून बघितलं नाही.

मी सरांकडे गेलो. भाकरी टाकली, आत गेलो आणि म्हणालो, "सर, सांजच्याला कुत्र्याला घरात घेत जा. लोक बोलत्यात."

"काय बोलतात?"

"असंच. कायबाय."

"वाक्य पुरं करा, अण्णा."

मला ते जमलं नाही. मग सरच म्हणाले, "तो रडत नाही. उसात कुणीतरी येऊन राहिलंय, त्याची तो वर्दी देतोय. रोज त्याच कोपऱ्याकडं बघतो. किसनला सांगा, बायकोला त्या बाजूला घासात पाठवू नको. मी सांगितलं तर ऐकायचा नाही, आई गेल्यापासून माझ्याकडं बघत नाही तो. तुमचं ऐकेल."

मी किसनला सांगितलं नाही. विसरलो असं म्हणता येईल, आणि बरेच दिवस मी स्वतःशी तसंच म्हणत होतो. पण किसनपुढे त्या कुत्र्याचा विषय काढला असता तर तो म्हणाला असता, "तुमीच तर सांगितलं हुतं अण्णा, त्ये यमाचं हाय." त्याला मग काय उत्तर देणार होतो?

चार-सहा दिवसांत किसनच्या बायकोवर, मंगलवर, बिबट्यानं झडप घातली. सकाळची वेळ, घासाचा वाफा, तोच कोपरा. जावेनं विळा फेकून मारला आणि बोंब ठोकली म्हणून ती वाचली. मानेला आणि डोक्याला टाके पडले.

दुपारी मारुतीच्या पारावर गाव जमलं. नितीन नावाचा वनरक्षक पिंजरा घेऊन आला होता. नवीनच नोकरीला लागलेला, शांत बोलणारा. त्यानं समजावून सांगितलं, "पिंजऱ्यात मागं सावजाचा कप्पा वेगळा असतो. मधे जाळी. बिबट्या पुढच्या भागात शिरला की दार पडतं. सावजाला काही होत नाही. कुणीतरी एखादी शेळी द्या."

जो तो दुसऱ्याच्या गोठ्याचा हिशेब मनात करत होता.

"कुत्रं चालंल का?" किसन म्हणाला.

"चालतं. मालकाची परवानगी पाहिजे."

"मालक डोळं दावाया नगरला गेल्यात." किसनचा आवाज चढला नव्हता. रात्रभर न झोपलेल्या माणसासारखा तो बोलत होता. "त्या कुत्र्यानं माझी आय नेली, आता बायकू नेत हुतं. यमाला बोलावतंय ना, बोलवू द्या. पिंजऱ्यात बसून बोलवू द्या. काय चुकलं का अण्णा? तुमी अध्यक्ष हाय, तुमी सांगा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तिथं एक वाक्य बोलायचं होतं, की ती यमाची गोष्ट मी टपरीवर हसायला केली. मी पारावरच्या फरशीकडे बघितलं आणि म्हणालो, "सरांना मी सांगतो."

"म्हणजे परवानगी आहे ना, अण्णा?" नितीननं विचारलं.

"हाय."

कुत्र्याला आणायला मीच गेलो, कारण दुसऱ्या कुणाला ते हात लावू देत नव्हतं. टोपलीतला तुकडा घेतला, पुढे टाकला. गार्मनं तो खाल्ला, शेपूट हलवली आणि नेहमीसारखा बाजूला सरकला, मला आत जाता यावं म्हणून. मी त्याच्या गळ्यात दावं घातलं.

पिंजरा किसनच्या उसाला लागून, पाटाच्या रस्त्याकडेला मांडला. बाकीचे पिंजऱ्यावर पाचट टाकत होते तेव्हा नितीन मला बाजूला घेऊन म्हणाला, "मला पलीकडच्या गावात दुसरा पिंजरा लावायला जायचंय, अंधाराच्या आत परत येतो. ही मागच्या कप्प्याच्या कुलपाची किल्ली. काही गडबड झाली तर कुत्रं काढून घ्या." मी किल्ली कोपरीच्या खिशात टाकली. ती देताना कुणी पाहिलं नाही.

सूर्य टेकला तसे आम्ही हाकेच्या अंतरावर ट्रॉलीत जाऊन बसलो. गार्म आधी भुंकला, मग ओरडला, मग तो लांब सूर काढायला लागला. ट्रॉलीतली माणसं एकमेकांकडे बघत नव्हती. तेवढ्यात पाटाच्या रस्त्यानं सर येताना दिसले. हातात पिशवी, डोळ्यांत औषध घातल्यामुळं हात कपाळावर आडवा धरलेला. फाटकात कुत्रं नाही म्हटल्यावर ते सुराच्या दिशेनं निघाले होते.

"सर, फिरा मागं," कुणीतरी ओरडलं. "बिबट्या हाय हितं."

सर पिंजऱ्याशी पोचले. वाकून कुलूप चाचपलं. मग वळून ट्रॉलीकडे बघत म्हणाले, "अण्णा, किल्ली कुणाकडं आहे?"

त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, त्या डोळ्यांना दिसणं शक्य नव्हतं. किसन माझ्या शेजारी उभा होता, त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला. किल्ली खिशात होती.

"फॉरेस्टवाल्यानं नेली," मी म्हणालो.

सरांनी मान हलवली. मग पिशवी खाली ठेवून ते पिंजऱ्याला पाठ लावून जमिनीवर बसले आणि एक हात मागं जाळीत घातला. कुत्रं गप्प झालं. ते त्यांची बोटं चाटत असावं.

"मास्तरला उचला कुनीतरी," ट्रॉलीतून एकजण म्हणाला. "तू जा की," दुसरा म्हणाला. कुणी उतरलं नाही. उसाचे शेंडे वाऱ्यानं हलत होते, आणि वारा पडल्यावर एके ठिकाणी अजून हलत होते. किसननं माझं मनगट धरलं. उसाच्या कडेची पाचट वाजली, अगदी हलकी. आत गार्मनं जाळीवर उडी घेतली. सर उठायला गेले आणि त्याच वेळी ते पिवळं अंग बाहेर आलं. बिबट्या पिंजऱ्यात शिरलाच नाही. बाहेर बसलेलं माणूस त्याला जवळ होतं.

मी धावलो हे खरं आहे. पण का धावलो तेही आता लिहितो. माझ्या मनात पहिला विचार सरांचा आला नाही. माझ्या मनात आलं, सर मेले तर किल्ली माझ्या खिशात सापडेल. वाटेत मी एक धोंडा उचलला होता. पिंजऱ्याच्या मागच्या बाजूनं गेलो, किल्ली लावली, कुलूप उघडलं. गार्म माझ्या अंगावरूनच बाहेर गेला. त्यानं बिबट्याला मानेशी धरलं. बिबट्याच्या जबड्यातून सरांचा खांदा सुटला. ती दोन जनावरं एकमेकांत गुंतून उसात शिरली आणि उसाची एक लांब रेघ आडवी होत गेली. मग आवाज बंद झाला.

ट्रॅक्टरचे दिवे आले, लोक आले. एका मुठीत किल्लीसकट उघडं कुलूप आणि दुसऱ्या हातात धोंडा घेऊन मी उभा होतो. किसन ओरडला, "अण्णानं कुलूप तोडलं!" मी काही बोललो नाही. सरांना गाडीत घालायची घाई होती, त्या घाईत मी दोन पावलं मागं जाऊन कुलूप आणि किल्ली दोन्ही पाटात टाकली.

सर नगरच्या दवाखान्यात बरेच दिवस होते. जीव वाचला, डावा हात गेला तो गेलाच. खांद्यापासून दोरीसारखा लोंबत राहिला. किसनचा ऊस तुटला तेव्हा तोडणाऱ्या बायकांना आत गार्म सापडला. किसननं स्वतः खड्डा खणला. ते सरांना सांगायला तो गेला, फाटकाशी उभा राहिला, आणि टोपलीतून तुकडा घेऊन मोकळ्या फाटकात टाकून मगच आत गेला. हे मला सरांनी सांगितलं. स्वतः किसन त्याबद्दल कधी बोलला नाही.

बिबट्या पुढे सापडला की दुसरीकडे गेला, कळलं नाही. नितीनची चौकशी झाली. किल्ली घेऊन जागा सोडून गेला, असं त्याच्यावर आलं. तो सांगत राहिला, किल्ली अध्यक्षांकडं दिली होती. साहेबांनी मला विचारलं. मी म्हणालो, "किल्ली असती तर कुलूप कशाला तोडलं असतं?" या वाक्यात एकही शब्द खोटा ठरवता येत नाही, आणि ते सगळंच्या सगळं खोटं आहे. सरांनी चौकशीत सांगितलं होतं की कुलूप किल्लीनं उघडल्याचा आवाज त्यांनी ऐकला. बिबट्याच्या तोंडात असलेल्या म्हाताऱ्यानं काय ऐकलं, हे कोण धरणार? नितीनची बढती अडली आणि बदली झाली.

झेंडावंदनाला शाळेच्या मैदानावर माझा सत्कार ठेवला. शाल-श्रीफळ द्यायला सरांनाच बोलावलं. एका हातानं शाल घालता येईना म्हणून हेडमास्तरांनी दुसरं टोक धरलं. मग सरांपुढे माईक आला. सर म्हणाले, "त्या संध्याकाळी अण्णा धावत आले. अण्णांनी कुलूप उघडलं. म्हणून मी आहे."

टाळ्या पडल्या. सगळं गाव 'तोडलं' म्हणत होतं, सर 'उघडलं' म्हणाले. एवढ्या मैदानात तो शब्द फक्त मला ऐकू आला.

त्यानंतरही सर माझ्याशी तसेच राहिले, हे मला सगळ्यात जड गेलं. चहा द्यायचे, चेष्टा करायचे. लोंबणारा हात उजव्या हातानं उचलून मांडीवर ठेवत म्हणायचे, "बघा, मीच टीर झालो. फक्त आमच्या गोष्टीत गार्म माझ्या बाजूनं लढला. पुस्तकवाल्यांना कळवायला पाहिजे." मी हसत नसे. एकदा मी म्हणालो, "सर, त्या दिवशी..." आणि थांबलो. नेहमीचं वाक्य येईल म्हणून मी मान खाली घातली. सर तसं काही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "माझ्यापुढं कशाला. माझा हात काही परत यायचा नाही. त्या नितीनचं अजून सगळं आयुष्य पुढं आहे. तुम्ही एकदा त्याच्याकडं जाऊन या."

"जातो," मी म्हणालो. पेरणी होती, मग लग्नसराई होती, मग माझा गुडघा दुखत होता. सर झोपेतच गेले.

दशक्रियेला गोदावरीच्या घाटावर रिवाजाप्रमाणं श्रद्धांजलीची भाषणं झाली. मला उठवलं. मी ठरवून गेलो होतो. माईक हातात घेऊन मी म्हणालो, "मंडळी, कुलूप मी तोडलं नव्हतं. मी उघडलं होतं." पुढारी मंडळींनी माना डोलावल्या. माझ्यामागून बोलायला उठलेला म्हणाला, "बघा, एवढं धाडस करून अण्णांच्या अंगात किती नम्रपणा." मी पुढचं बोलायला पुन्हा उभा राहिलो तोवर कावळा शिवला आणि लोक उठले.

म्हणून गेल्या महिन्यात मी नितीनकडे गेलो. तो आता श्रीगोंद्याकडे असतो, त्याच हुद्द्यावर. अंगानं भरलाय, कपाळ मोठं झालंय. ओट्यावर सतरंजी टाकून त्यानं मला बसवलं. किल्ली माझ्या खिशात होती, हे मी पहिल्यांदा बोललो. शेवटी ठेवलं असतं तर राहून गेलं असतं. मग बाकीचं सांगितलं, टपरीवरच्या हेल्यापासून पाटात टाकलेल्या कुलपापर्यंत. त्याची बायको चहा घेऊन बाहेर आली, तिला त्यानं हातानंच थांबवलं.

"मी लिहून देतो," मी म्हणालो. "तुमच्या साहेबांपुढं येतो. स्मरणिकेतपन छापायला देतोय."



"सर दर दिवाळीला यायचे इथं," नितीन म्हणाला. "बस बदलून बदलून, एका हातात फराळाचा डबा. दर वेळी म्हणायचे, अण्णा येतील. मी म्हणायचो, नाही यायचे सर. ते म्हणायचे, येतील रे, त्यांना वेळ लागतो. गेल्या दिवाळीला मी चिडलो त्यांच्यावर. म्हटलं, आता तरी कबूल करा सर, तुम्ही माणूस ओळखायला चुकलात. डबा तसाच परत दिला मी त्यांचा."

त्यानं बायकोच्या हातातून कप घेतला आणि माझ्यापुढे ठेवला.

"आणि आज तुम्ही आलात," तो म्हणाला. "आता हे सरांना कुणी जाऊन सांगायचं?"